आंघोळ मावशीकडे

ताई घसा ताणून गात होती, म्हणजे आत बाळाची आंघोळ चालली होती.

ती, बाळाची आई, बाथरूमबाहेर स्टुलावर बसून होती, मांडीवर टॉवेल पसरून. दार सताड उघडं. ताईची रोजची अटच होती: दार लावायचं नाही आणि तू इथून हलायचं नाहीस.

“अगं, हळू. शेजारी घर सोडून जातील.”

“जाऊ देत. आपल्याला मोठं घर मिळेल.” ताईने गाणं तिथूनच पुढे उचललं.

ताई म्हणजे तिची जुळी बहीण. चार मिनिटं आधी जन्मली, तेवढ्या भांडवलावर थोरलेपण मिरवायची. बाळाचे बाबा बोटीवर नोकरीला, म्हणून बाळंतपणाला आलेली ताई राहूनच गेली होती. बाळाचं बाकी सगळं ती स्वतः करायची, आंघोळ तेवढी ताईवर सोपवलेली. कंबर दुखते, असं सांगून.

खरं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. नळ सोडला की पाण्यातून एक माणूस बोलायचा. हळू, समजुतीच्या सुरात. सोड त्याला, म्हणायचा. हात सोड.

लसीच्या दवाखान्यात तिने पाटी वाचली होती: मनाच्या आजारांच्या अभ्यासासाठी जुळी भावंडं हवी आहेत. मला वेड लागलंय असं न म्हणता निदान विचारता तरी येईल, असं तिला वाटलं. ताईला विचारताना जीभ अडखळली. ताई मात्र लगेच हो म्हणाली.

तिथले नियम कडक. दोघींना वेगळ्या खोल्या, प्रश्न विचारणाऱ्या वेगळ्या बाई. एकीने काय सांगितलं ते दुसरीच्या बाईंना कळता कामा नये. नाहीतर म्हणे ऐकणाऱ्याचं मन आधीच कलतं. एक आत गेली की दुसरीने बाळ घेऊन बाहेर बसायचं.

आधी ती गेली.

“आम्ही अगदी एकसारख्या,” ती म्हणाली. “एकीला असलं तर दुसरीलाही असतं का?”

“तेच तर शोधतोय. रक्ताचं किती आणि घरादाराचं किती. पण असेलच असं नाही. पुष्कळदा दुसरी ठणठणीत असते.”

मग तिला राहवेना. नळातला माणूस तिने सांगून टाकला. “माझं बाळ काढून घ्याल?” तिने विचारलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “कुणी नेत नाही बाळाला. हा आजार आहे, त्यावर औषध आहे. उद्या सकाळी इथल्या डॉक्टरांकडे यायचं, नक्की. घरी कोण असतं?”

“बहीण.”

“घरी बहीण आहे ना, मग आंघोळ तिलाच घालू द्या.”

ताईला आत बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा नाक लाल झालं होतं.

“एवढं काय विचारत होत्या?”

“माझं रूप बघत बसल्या.”

“मग माझंही बघायला हवं होतं की!”

ताई हसली नाही.

सकाळच्या धांदलीत बाळाची आंघोळ राहिली होती. घरी येताच तिने पाणी तापत ठेवलं, स्टूल दाराशी ओढलं आणि टॉवेल घेऊन बसली. किती दिवसांनी छातीवरचा दगड उतरला होता. बाळ झोपलं की ताईला सगळं सांगायचं, तिने ठरवलं.

ताई बाळाला घेऊन आली, पण आत गेली नाही. तिने बाळ अलगद बहिणीच्या मांडीवर ठेवलं.

“आज तू घाल.”

“मी? अगं, माझी कंबर...”

“त्या बाई म्हणाल्या,” ताई बंद नळाकडे बघत होती, “घरी बहीण आहे ना, मग आंघोळ तिलाच घालू द्या.”