रबरी हाताशी गप्पा

बोलक्या सिस्टरांचा हात हलका, हे सगळ्या हॉस्पिटलला ठाऊक होतं. सुई हातात घेतली की त्या पेशंटला विचारायच्या, "सकाळी काय खाल्लंत?" आणि त्याचं उत्तर पुरतं तोंडाबाहेर पडायच्या आत सुई शिरेत गेलेली असायची.

त्यामुळे लहान मुलांच्या वॉर्डसाठी मुख्य सिस्टर निवडायला स्पर्धा ठेवली, तेव्हा निकाल आधीच लागल्यात जमा होता. टेबलावर शिरांत लाल पाणी भरलेला एक रबरी हात, समोर मेट्रनबाई, तीनच संधी आणि गप्पा मारायला पेशंट नाही.

पहिली सुई शिरेच्या बाजूने गेली. दुसऱ्या वेळी अंगठा कुठे ठेवायचा, सुई किती तिरकी धरायची, याचा विचार सिस्टर बावीस वर्षांत पहिल्यांदाच करत बसल्या, आणि सुई शिरेतून आरपार गेली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "पट्टीच्या पोहणारीच्या आज नाकातोंडात पाणी."

तिसरी सुई उचलण्याआधी सिस्टरांनी कपाळावरचा घाम बाहीला पुसला. मग रबरी हाताकडे बघून विचारलं, "काय हो काका, सकाळी काय खाल्लंत?"

खोलीत खसखस पिकली. ती विरेपर्यंत नळीत लाल पाणी चढलं होतं.

मेट्रनबाईंनाही हसू आवरेना. "अहो, रबराला कुठे दुखतंय? त्याचं लक्ष कशाला दुसरीकडे वळवायचं?"

सिस्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "त्याचं नाही हो बाई. पेशंटचंही कधी नव्हतं. इतकी वर्षं मी माझंच वळवत आलेय."