दिलेला शब्द

"आमच्या परिचारिकांना सोडा. तुम्हाला भारतात आश्रय मिळेल," राजदूत मृणालिनी खांडेकर म्हणाल्या.

वाटाघाटीला बसताना आता मनगटावर सत्यपट्टा बांधावा लागे. खोटं बोललं की तो लाल व्हायचा. त्यांचा हिरवाच राहिला.

"बाई, तुमच्यावर नाही, त्या पट्ट्यावर विश्वास ठेवतोय," हुकूमशहा जनरल कासिरो गुरगुरला. त्याने ओलिसांना सोडलं.

परिचारिकांचं विमान उडाल्यावर मृणालिनीबाईंना दिल्लीहून मंत्र्यांचा फोन आला. "आश्रय द्यायचा नव्हताच. तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर पट्टा लाल झाला असता. निघा तिथून."

राजवाड्याच्या फाटकावर बंडखोर धडका देत होते.

"माझं विमान कधी येतंय?" जनरलने विचारलं.

"येणार नाही. मलाही आत्ताच कळलं."

जनरलने पिस्तूल उचललं. मृणालिनीबाई खुर्चीतून हलल्या नाहीत.