शंभरपैकी छत्तीस

यंत्राने बाईंना शंभरपैकी छत्तीस मार्क दिले आणि वर एक रडका पिवळा चेहराही दाखवला. सातवीचा वर्ग आधी सुन्न झाला, मग बाकं बडवून हसला. बाईंनी उच्चार तपासणाऱ्या, फळ्याएवढ्या त्या नव्या पडद्यावरचं इंग्रजी वाक्य फक्त वाचून दाखवलं होतं. 'कम्फर्टेबल'मधलं टेबल त्यांनी चारही पायांसकट उच्चारलं, तिथेच घात झाला.

इंग्रजी शिकवण्यात बाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांच्या हाताखालून गेलेले दोघं-तिघं तर विमानं चालवत होते, आणि त्यांचे उच्चार कळत नाहीत म्हणून कुठलं विमान अजून भलत्याच गावी उतरलं नव्हतं.

मधल्या सुट्टीआधीच बातमी हेडसरांपर्यंत पोचली. त्यांनी बाईंना चहा पाजला आणि आडवळणाने सुचवलं, की सातवीचं इंग्रजी आता नव्या मॅडमकडे द्यावं का. शुक्रवारी ते स्वतः तासाला येऊन बसणार होते, मग काय ते ठरवू म्हणाले. बाई अर्धा कप तसाच ठेवून उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या शिपायाच्याही आधी शाळेत हजर. रिकाम्या वर्गात यंत्रापुढे उभ्या राहून त्या जीभ वळवायच्या, ओठ मुडपायच्या. घरी नवऱ्याने भाजीत मीठ कमी असल्याचं म्हटलं, तर तेही त्याला इंग्रजीत, ओठ गोल करून पुन्हा म्हणायला लावलं. शुक्रवारी सकाळी यंत्राने एक्क्याण्णव दिले. बाईंनी पडद्याकडे बघत, शिक्षिकेला न शोभणारा एक शब्द अगदी स्पष्ट उच्चारला. त्याला यंत्राने शून्य दिलं.

तासाला हेडसर मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. इकडे पोरांना बाईंचे छत्तीस मोडायचा चेव चढला होता. वर्षभर इंग्रजीच्या तासाला नखं बघत बसणारी पोरं एकमेकांना ढकलत वाचायला पुढे येत होती. शेवटी, जिला सगळा वर्ग 'म्यूट' म्हणायचा, ती पोरगी उठली. हजेरीपलीकडे तिचा आवाज बाईंनी कधी ऐकला नव्हता. अडखळत, घामाघूम होत तिने वाक्य तडीस नेलं. बेचाळीस.

"बाई, आता तुम्ही," ती म्हणाली. आपले बेचाळीस टिकतात की नाही, या धाकधुकीने तिने श्वास धरून ठेवला होता.

बाईंनी एकदा हेडसरांकडे पाहिलं. मग घसा खाकरला आणि तेच वाक्य आपल्या जुन्या, ठणठणीत पद्धतीने वाचलं. चौतीस.

वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं. हेडसरांनी मान खाली घातली. म्यूट मात्र बाक सोडून पुढे आली आणि बाईंच्या शेजारी उभी राहिली.

"घाबरू नका, बाई. माझ्यामागून म्हणा."

बाईंनी म्हटलं. तिच्या चुकांसकट.