पान एक्केचाळीस

मंदीत पदवी हातात पडली की माणूस कुठल्याच परीक्षेला नाही म्हणत नाही. भाषांतराच्या त्या कचेरीत एका जागेसाठी तीस जण आले होते. साहेबांनी प्रत्येकाला कपडे धुण्याच्या मशीनच्या माहितीपुस्तकातलं एकेक पान दिलं. "भाषांतर करा. साधी चाचणी आहे, पण चूक नको."

त्या तीस जणांतल्या एका मुलीचं पान वाक्याच्या मध्येच संपलं. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीच्या पानावर तेच वाक्य पुढे चालू होतं. खाली आकडे होते, एक्केचाळीस आणि बेचाळीस.

कागद परत देताना ती हळूच म्हणाली, "साहेब, आज तीस पानं फुकटात झाली की तुमची! जागा तरी खरंच आहे का?"

साहेबांनी आधी दार लोटलं. "नव्हती. आता आहे. वर्षभरात हे कुणाच्या लक्षात आलं नाही. उद्यापासून ये."

बाहेर ती शेजारची मुलगी थांबलीच होती. "काय गं, काय म्हणाले?"

"कळवतील म्हणाले."

दुसऱ्या दिवशी तिला पहिलं काम मिळालं: पुढच्या चाचणीच्या पानांखालचे आकडे पांढऱ्या शाईने खोडायचे. तिने ते नीट, एकही डाग न पडू देता खोडले. मग शेजारी बसणाऱ्यांना लागोपाठची पानं जाऊ नयेत म्हणून सगळा गठ्ठा पत्त्यांसारखा पिसला, आणि नंतर क्रम लावता यावा म्हणून कुणाला कुठलं पान जाणार याची यादी आपल्या वहीत करून ठेवली.

हे मात्र तिला कुणीच सांगितलं नव्हतं.