शांत नाडी

"डावा हात जरा सैल सोड," असं सांगून डॉक्टर बेहेऱ्यांनी महिपतीच्या मनगटावर चामडी पट्टा आवळला. पट्ट्यातून निघालेली रबरी नळी त्यांच्या मांडीवरच्या यंत्रात जात होती. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला यंत्रातली सुई सरकत्या कागदावर रेघ उमटवायची.

लोणावळ्याहून खोपोलीला उतरणाऱ्या सर्व्हिस मोटारी तेव्हा नव्या होत्या. मागच्या पावसाळ्यात एक गाडी दरीत गेली, तेव्हापासून मालकांनी हाय खाल्ली होती. कोणता ड्रायव्हर घाटाला भितो तेवढं शोधून द्या, अशी त्यांनी डॉक्टरांना गळ घातली होती.

आंदर मावळातल्या महिपतीचा हात चाकावर चांगला बसलेला होता. पण घाटात एका वळणाला कठडाच नव्हता. तिथे आलं की दर खेपेला सुई उसळायची आणि महिपतीच्या कपाळावर घाम फुटायचा. शेवटी डॉक्टरांनी त्याला विचारलंच.

"भ्या वाटतं, साहेब," तो म्हणाला. "वाटतं म्हनून तर तितं जपून जातो."

डॉक्टरांना वाईट वाटलं. पण मागे बसलेल्या उतारूंचा जीव त्याच्या हातात होता. कागदावर दिसलं ते त्यांनी मालकांना सांगून टाकलं. महिपतीला गाड्या धुवायला लावलं गेलं आणि त्याच्या सगळ्या खेपा गेणू या दुसऱ्या ड्रायव्हरच्या गळ्यात पडल्या, त्याच्या स्वतःच्या खेपांवर आणखी.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर गेणूशेजारी बसले. दुपारची वेळ, गाडी खच्चून भरलेली. मागे एक बाई लेकराला थोपटत होती. मनगटाला पट्टा बांधून घेण्याआधी गेणूने तोंडावर पाणी मारलं. घाटाची भीती वाटते का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई, साहेब. आता कायबी वाटत न्हाई."

डॉक्टरांना बरं वाटलं. खंडाळा मागे पडला, उतार लागला, गाडीने वेग घेतला. ते वळण जवळ आलं तसे डॉक्टर कागदावर वाकले. त्यांच्याच छातीत धडधडत होतं.

सुई उसळली नाही. उलट रेघ संथ होत गेली, एकसारखी, लांब लांब लाटांची. घाटात इतकी निवांत नाडी त्यांनी कुणाची पाहिली नव्हती. महिपतीवर आपण अन्याय केला नाही, या विचाराने त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं.

शाबासकी द्यायला त्यांनी मान वर केली.

गेणूचे डोळे मिटलेले होते.