तीन मिनिटं उशिरा

"तीन मिनिटं उशिरा जायाचं," जयराज म्हणाला. "जास्त न्हाई, कमी न्हाई."

अश्फाकनं हेल्मेट काढून बॉनेटवर ठेवलं. "का म्हणून?"

"का, ते तुला ठावं हाय."

ठावं हुतंच की! रॅलीचा शेवटचा टप्पा ऱ्हायला हुता, फलटणच्या पल्याडचा, निस्ती खडी आणि धुरळा. अश्फाक एक नंबरला, बावीस सेकंदांनी म्होरं. दोन नंबरला त्याच्याच टीमचा वीरधवल. आणि वीरधवल कोण? टीमचे मालक लालासाहेब, त्यांचा एकुलता एक ल्योक! तिसरा गडी चार मिनिटं मागं, म्हंजे मोजण्यातच न्हाई. ह्या दोघांत जो जिंकंल त्याला पुढल्या सालापास्नं मोठ्या कंपनीची गाडी. देशभर पळायचं.

जयराज टीमचा मॅनेजर. त्यानं बोटांवर मोजून सांगितलं. "टप्पा सुरू व्हायच्या आधी टेबलावर टाइम कार्ड द्यायचं. एक मिनिट उशीर, धा सेकंद दंड. तीन मिनिटं म्हंजे तीस. तुझी बावीस गेली, वीरधवल आठ सेकंद म्होरं. मग टप्प्यात जोरात पळव की, कोण नको म्हणतंय? पण त्येला मागं टाकायचं न्हाई. पेपरवाल्यांनी इचारलं तर चाक पंक्चर झालतं म्हणायचं."

"वीरधवलला म्हाईत हाय?"

जयराज गॉगल पुसत बसला. "घरच्या माणसाला काय सांगाय लागतंय?"

हे मात्र अश्फाकला लय लागलं. सांगलीजवळच्या माधवनगरच्या गॅरेजमध्ये स्कूटरी दुरुस्त करत हुता त्यो. तिथनं उचलून त्याला गाडीत बसवला ते वीरधवलनंच. पाच वर्षं एका ताटात जेवले. दर ईदेला हा पठ्ठ्या फलटणवरनं सांगलीला यायचा, अश्फाकच्या आईच्या, मदिनाबीच्या सैपाकघरात मांडी घालून शिरखुर्म्याच्या तीन-तीन वाट्या रिचवायचा.

पेपरात मात्र कवा बी बघा, फोटू वीरधवलचा. गेल्या वक्ताला दोघांनी गळ्यात गळा घालून फोटू दिला, तर छापताना अश्फाकला कापला. वीरधवलच्या खांद्यावर निस्ता एक हात ऱ्हायला! तवा दोघंबी पोट धरून हसले हुते.

आज अश्फाकला हसू यीना. त्यानं गपचीप फोन लावला. संयोगिता, साताऱ्याच्या एका चॅनेलची बातमीदार.

"मॅडम, टेबलापाशी कॅमेरा घिऊन या. लाइव्ह लावा. माझ्या चाकात हवा हाय का न्हाई ते लोकांनाच बघू द्या."

टेबलावर दादासो बसले हुते. फौजेतनं रिटायर झालेला माणूस. प्रत्येक गाडीची नोंद परेडीवर हजेरी घेतल्यागत वरडून सांगायची सवय.

"गाडी नंबर सहा! वेळ अकरा बारा! आली अकरा बारा! उशीर न्हाई!"

गाड्या दोन-दोन मिनिटांनी यायच्या. अश्फाकची वेळ अकरा चौदा. चौदा झाली. त्यो गाडीतच बसून. शेजारी दिलावर, त्याला वाट सांगणारा नेव्हिगेटर, कार्ड हातात घिऊन. म्होरं संयोगिताचा कॅमेरा सुरू. माधवनगरात मदिनाबी फोन डोळ्याला लावून बसली असणार.

पंधरा झाली.

मागनं वीरधवलची गाडी येऊन थांबली. अश्फाकला आरशात सगळं दिसत हुतं. वीरधवल उतरला. जयराजपाशी गेला. जयराज कायतरी कानात बोलला. वीरधवलनं अश्फाकच्या गाडीकडं बघितलं. आणि बघा, एवढा टीमचा मॅनेजर, पण जयराजनं त्याला चक्क हात जोडलं!

मालकाच्या पोराला हात जोडायचे न्हाईत तर कुणाला?

वीरधवल माघारी आला, बॉनेटला टेकला, हाताची घडी घातली आणि घड्याळाकडं बघत ऱ्हायला.

"बघ दिल्या," अश्फाक म्हणाला. "मिनिटं मोजायला आलंय."

"बघू नगंस तिकडं. कार्ड दिऊ, गाडी पळवू. टप्पा ऱ्हायलाय आजून."

"कशाला पळवू? त्येच्या वरातीत नाचायला?"

सोळा झाली. वीरधवल तसाच. नजर घड्याळावर. अश्फाकचं डोकं निस्तं तापत चाललं हुतं.

सतरा.

दिलावर कार्ड घिऊन उतरला. त्याच्या मागोमाग अश्फाकबी उतरला. दोन ढांगांत त्याला गाठला, हातातनं कार्ड हिसकलं आणि कॅमेऱ्याच्या तोंडाम्होरं टराटरा फाडलं. चार तुकडे. कार्ड गेलं की गाडी बाद, हे तिथल्या चहावाल्यालाबी म्हाईत.

"आरं खुळ्या!" दिलावर डोक्याला हात लावून खालीच बसला.

अश्फाक थांबतोय व्हय आता! "चाक ठणठणीत हाय, मॅडम. दाखवा लोकांना. मला मुद्दाम उशीर कराय लावला. आणि कुणासाठी? ज्याला मी भाऊ म्हणत हुतो, माझ्या आईनं ज्याला हातानं वाढलं, त्या वीरधवलसाठी! त्येनंच माझा गळा कापलाय. छापा त्येचं नाव. फोटूबी छापा. फक्त ह्या वक्ताला मला कापू नगा!"

वीरधवल पाच हातांवर उभा, त्यानं सगळं ऐकलं. त्याचं तोंड पांढरंफट पडलं हुतं.

संयोगिता माईक घिऊन त्याच्याकडं पळाली. "वीरधवल, काय म्हणायचंय तुम्हाला?"

वीरधवल कॅमेऱ्याकडं बघिना. त्यो धुरळ्यात पडलेले तुकडे बघत हुता. मग परत घड्याळ बघितलं.

"थांबा मॅडम. एक मिनिट ऱ्हायलंय आजून."

अश्फाक कुत्सित हसला.

ते मिनिट सरलं. वीरधवल सोताच कार्ड घिऊन चालत गेला आणि टेबलावर ठेवलं. दादासोंनी त्याच्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असं वरडले:

"गाडी नंबर आठ! वेळ अकरा सोळा! आली अकरा एकोणीस! उशीर तीन मिनिटं!"