पीयूषचं प्रस्थान

देवासच्या कारखान्यातून सहा महिन्यांची बिनपगारी रजा काढून पीयूष मस्कतला कामाला निघाला. व्हिसा आला, पण विमान मिळालं सोमवारचं आणि मुहूर्त होता आधीच्या गुरुवारचा. म्हणून त्याच्या वडिलांनी, मोरोपंतांनी, घरच्या रीतीप्रमाणे गुरुवारीच प्रस्थान ठेवलं. पीयूषचा एक सदरा, मूठभर तांदूळ आणि सुपारी उपरण्यात बांधून ते गाठोडं शेजारी पाटणकरांकडे नेऊन त्यांच्या कपाटावर ठेवलं. प्रस्थान ठेवलं की माणूस निघाला, मग पाय घरात का असेनात! जाताना पीयूषने ते गाठोडं उचललं आणि मुंबईची गाडी धरली.

टॅक्सचं काम बघणाऱ्या दिघे वकिलांनी बजावलं होतं, यंदा एकशे चौऱ्याऐंशी दिवस देशाबाहेर काढले तरच तिकडच्या पगारावर इथे टॅक्स लागणार नाही.

"तू निवांत काम कर, दिवस मी मोजतो," मोरोपंत म्हणाले होते. रोज पूजा आटोपली की ते कॅलेंडरवर एक फुली मारत. शेवटची फुली मारून त्यांनी एसटीडी-आयएसडी बूथवरून फोन लावला, "झाले पुरे. ये आता, आईने अनारशाचं पीठ करून ठेवलंय."

पीयूष आला. दिघे वकिलांनी त्याचा पासपोर्ट दोनदा चाळला.

"मोरोपंत, चार दिवस कमी पडतात. जातानाचा ठप्पा सोमवारचा आहे."

मोरोपंत खवळले.

"ठप्पा काय बघता, दिघे भिया! पोरगा गुरुवारीच गेला होता. पाटणकरांना विचारा, चार दिवस त्यांच्याच कपाटावर होता!"